मागे उभा राहणारा गळा



गळा चांगला असला की आपल्याकडे लोक म्हणतात, ‘माउलींची कृपा आहे.’ आहेच. परंतु कृपेने मिळालेली गायसुद्धा नुसती दारात बांधून ठेवली तर दूध देत नाही, तिचे वैरणपाणी रोजच्या रोज करावे लागते. गेली चाळीस वर्षे कीर्तनाच्या मागे उभा राहून मी चाली म्हणतो आहे, आणि त्यातली निम्मी वर्षे मुलांना शिकवतो आहे. गायकाच्या सवयींविषयी काही लिहावे असे आत्ताच मनात आले, त्याला कारण एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. त्या वाटेने आज आळंदीत गल्लोगल्ली लहानमोठ्या संस्था झाल्या आहेत. अशाच एका ठिकाणी मी लहानपणी होतो. मधुकरी मागायची, पाठांतर करायचे, पहाटे काकड्याला उभे राहायचे. आमचे गायनाचे गुरुजी नव्या मुलाला पहिले वर्षभर पुढे गाऊ देत नसत. हातात टाळ द्यायचे आणि मागच्या ओळीत उभे करायचे. पुढचे म्हणतील ते ऐकायचे आणि धृपद धरायचे. आम्हांला वाटे, हे शिक्षण कसले? गावाकडे तर आम्ही देवळात एकट्याने अभंग म्हणून शाबासकी मिळवलेली असे.

पुढे गाथ्याचे पाठांतर होता होता तुकोबारायांचा तो चरित्रपर अभंग आला. आरंभी अभ्यासाला आपले चित्त नव्हते, संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे भावाने धृपद धरले, असे महाराज स्वतः सांगतात. जगद्गुरूंच्या कीर्तनाची सुरुवात मागच्या ओळीतून झाली आहे. हे वाचल्यावर माझी टाळाची तक्रार संपली.

मागे उभे राहिल्याने काय होते? पहिली गोष्ट, कान तयार होतो. पुढच्याचा स्वर कुठे लागला, तो कुठे थांबणार, मृदंग कुठे उठणार, हे कळल्याशिवाय धृपद उचलता येत नाही. एक मात्रा उशीर झाला तरी सगळ्या ओळीचा तोल जातो. दुसरी गोष्ट अशी की गळ्याला विसावा मिळतो. याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आपल्या भजनाची घडणच अशी आहे की पुढच्याने एक चरण म्हणायचा, मागच्यांनी तो घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात पुढच्याने श्वास भरून घ्यायचा. पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा, त्यात दिवे घाट चढायचा, आणि तरी दिंडीत भजन अखंड चालू असते. एकट्याच्या गळ्याने ते कसे झाले असते? पूर्वजांनी गळ्याची काळजी भजनाच्या रचनेतच घालून ठेवली आहे.

ध्वनिक्षेपक आला आणि यात थोडा घोटाळा झाला. मी ध्वनिक्षेपकाच्या विरोधात नाही. हजारोंचा समाज बसलेला असताना त्याच्यावाचून कसे भागेल? पण गायकापुढे माईक आला तसे मागच्यांचे धृपद ऐकू येईनासे झाले, आणि एकट्याने दोन तास ओढण्याची रीत पडली. त्यातच स्वर चढत गेला. काळी चार, काळी पाच, आणि तिथून वर तारसप्तकात हाक. समाजाला ती हाक आवडते, टाळ्या पडतात, हे मी नाकारत नाही. ज्याचा गळा त्या उंचीचा आहे त्याने खुशाल गावे. मात्र प्रत्येकाला त्याच पट्टीवर चढवायचे, हा शिरस्ता कुणी घातला ते मला समजलेले नाही.

आळंदीनंतर अकरा वर्षे मी एका तालुक्याच्या गावी रागसंगीत शिकलो. तिथले गुरुजी माळकरी नव्हते, पण पहाटेचे त्यांचे नेम एखाद्या वारकऱ्याला लाजवतील असे होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला काळी चारवरून खाली पांढरी एकवर आणले. मला ते अपमानासारखे वाटले. मग पहाटे खर्ज. मंद्र सप्तकातला एकेक स्वर धरून बसायचे, आवाज मोठा करायचा नाही, नुसता स्थिर ठेवायचा. त्याआधी पाव तास काहीच म्हणायचे नाही, तंबोरा ऐकायचा. एकदा मी विचारले, ‘गुरुजी, गायला कधी लागायचे?’ ते म्हणाले, ‘ऐकून झालं का?’ एकच पलटा आम्ही सहा सहा महिने घोटला आहे.

बाकीच्या सवयी साध्या आहेत आणि म्हणूनच अवघड. कीर्तनाआधी पोटभर जेवायचे नाही. सप्ताहात पंगत आग्रहाची असते, आमटी झणझणीत असते आणि रात्री नऊला उभे राहायचे असते; तेव्हा हात जोडून ‘कीर्तनानंतर घेतो’ म्हणावे. एकादशीला तर गायकाने विशेष जपावे. साबुदाणा, दाणे, तळलेल्या पापड्या, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ झाले की दुसऱ्या दिवशी काकड्याला घसा जळजळतो. तंबाखू, तपकीर नको. जागर झाल्यावर दिवसा झोपावे, गप्पांचा फड मांडू नये. गाऊन जेवढे गळे थकतात त्याहून जास्त मंडपाबाहेर ओरडून बोलण्याने थकतात, असा माझा अनुभव आहे. आणि पाणी थोडे थोडे, दिवसभर.

मग कला कशात आहे? मोठ्या अभंगाचा छंद पाहा. पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्याचे. तिसऱ्या चरणावर अर्थ आणि यमक दोन्ही भरून येतात, आणि चौथा आखूड चरण आपल्याला मोकळी जागा देतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत ती जागा कशी वापरायची, यात गायकाची परीक्षा असते. काही जण तिथे तानांचा पाऊस पाडतात. तान वाईट नव्हे, मीही घेतो. पण ती घेताना मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला धृपद कुठून उचलायचे हे कळले पाहिजे. माझ्या मते वारकरी गायकाची कला इथेच मोजावी. गळा कितीही फिरवा, पण चरण दुसऱ्याच्या हातात नीट देता आला पाहिजे. प्रमाण म्हणतानाही तेच. कीर्तनकाराच्या तोंडून अर्धा शब्द निघाला की गायकाने नेमके प्रमाण उचलायचे, आणि शब्द असा उच्चारायचा की शेवटच्या माणसाला अर्थ कळावा. त्यासाठी पाठांतर लागते. नुसता सूर तिथे कामाला येत नाही.

आता त्या मुलाविषयी. कोरडवाहू शेतीचे घर. मुलाचा गळा नवव्या-दहाव्या वर्षापासून असा की ऐकणाऱ्याने डोळे पुसावे. आसपासच्या गावांत त्याचे नाव झाले, सप्ताहांची बोलावणी येऊ लागली, बक्षिसाच्या नोटा पडू लागल्या. गेल्या माघात तो माझ्याकडे आला तेव्हा वरच्या षड्जावर आवाज फाटत होता. वयच ते. या वयात मुलाचा आवाज फुटतो आणि सुमारे एक सप्तक खाली उतरतो. त्याला काही महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्ष. त्या काळात जुन्या पट्टीवर ताण दिला तर गळ्याला कायमची खोड लागू शकते. असे दोन-तीन चांगले गळे मी गेलेले पाहिले आहेत.

मी वडिलांना भेटलो. म्हटले, ‘दादा, त्याला काही दिवस पुढे गाऊ देऊ नका.’ ते म्हणाले, ‘बुवा, हनुमान जयंतीपर्यंतच्या तारखा घेतल्यात. घसा बसला तर खडीसाखर देऊ, काढा देऊ.’ त्यांचा लोभ होता असे मी म्हणणार नाही. त्या पैशांवर थोरल्या मुलीच्या कॉलेजचा खर्च चालला होता. तीनदा गेलो. शेवटी ठरले ते अर्ध्यावरचे. घेतलेल्या तारखांना मुलाने जायचे, पण मागे टाळ घेऊन उभे राहायचे, धृपद हलक्या आवाजात खालच्या पट्टीत धरायचे, तेही गळा दुखला नाही तरच. दोन ठिकाणच्या मंडळींनी हे ऐकल्यावर ‘मग राहू द्या’ असा निरोप पाठवला. तो तोटा त्या घराने सोसला आहे, आणि त्याचा दोष लोक मला देतात.

यंदा तो आमच्या दिंडीत चालला. आवाज अजून बसायचा आहे, कधी पांढरी दोनवर थांबतो, कधी घसरतो. गेल्या वर्षी ज्यांनी त्याचे कौतुक केले त्यांतल्या काहींनी वाटेत विचारले, ‘काय रे, गात नाहीस?’ तो नुसता हसायचा. मुक्कामावर हरिपाठ झाल्यावर टाळ पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, ‘बुवा, तुम्ही श्वास कुठे घेता ते मला सापडलं. तिसरा चरण झाला की वीणेकऱ्याकडे बघता ना, तेव्हाच.’

इतक्या वर्षांत हे कुणी ओळखले नव्हते. मी म्हटले, ‘आणि रूपाच्या अभंगाला कुठे घेतो?’

‘ते अजून नाही कळलं,’ तो म्हणाला. ‘उद्या बघतो.’