काळी आणि पांढरी

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या आसपास जी खेडी आहेत, ती प्रथम पाहणाऱ्याच्या मनात एकच शंका येते : येथे झाडे कोठे आहेत? दृष्टी पोचेल तेथवर काळीभोर, सपाट जमीन; मध्येच एखादी बाभळ किंवा लिंबाचे झाड. शेतकरी या जमिनीला ‘काळी’ म्हणतो आणि घरे ज्या जागेवर वसली आहेत तिला ‘पांढरी’. काळीने पिकवावे व पांढरीने सांभाळावे, अशी ही जुनी वाटणी आहे.

काळीचा स्वभाव मोठा विलक्षण! उन्हाळ्यात तिला वासराचा पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. परतीचा पाऊस या भेगांवाटे खोल मुरतो. उत्तरा-हस्त नक्षत्रांत ज्वारी पेरतात. पुढे पाऊस थांबतो, आणि ते पीक जमिनीच्या पोटातील ओलीवर चार महिने तग धरून राहते. त्याला पाटाचे पाणी लागत नाही, लागते ती थंडी. ‘मालदांडी’ ही येथली नामांकित जात. तिचा दाणा पांढरा, टपोरा आणि मोत्यासारखा तकतकीत असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिच्या भाकरीची गोडी त्यापूर्वीही कोणाला सांगावी लागत नव्हती. पौषात शेतात हुरड्याची आगटी पेटली आणि शेंगांची चटणी पुढे आली, म्हणजे शहरातले पाहुणे आपण होऊन गावाची वाट शोधीत येतात.

पूर्वी हे धान्य पेवात साठवीत. पांढरीत खोल खड्डा खणावयाचा, त्याला कडब्याचे अस्तर द्यावयाचे, ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून टाकावयाचे. आत हवा शिरली नाही म्हणजे कीडही जगत नसे. मात्र पेव उघडताच कोणी आत उतरत नसे. साठलेल्या विषारी वायूने माणूस गुदमरण्याची भीती! आधी दोरीने कंदील सोडीत. तो विझला, तर आणखी थांबत. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे लोकांना खुली केली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. अशी कथा या मुलखात का जन्मली, हे पेवाचे तोंड पाहिले की उमगते.

धान्य उदंड, पण पाण्याचे मात्र दुर्भिक्ष. काळ्या मातीत विहिरीच्या कडा ढासळतात आणि पुष्कळ ठिकाणी पाणी मचूळ लागते. गोड्या पाण्यासाठी बायकांना डोक्यावर घागरी घेऊन कोसभर जावे लागे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या पेवांनी कधीकाळी इतरांना पोसले, त्याच घरांतील माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. पावसाळ्याचे हाल निराळे. चिखल असा चिवट, की गाडीचे चाक रुतून बसे आणि आजाऱ्याला बाजेवर घालून चार माणसे वाहून नेत. त्यामुळे नळ आणि डांबरी सडक यांचे मोल या गावांतील वृद्धांना जेवढे कळते, तेवढे ते नव्या पिढीला कळणे कठीणच.

१९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेड्यांतील शाळा त्यांच्याकडे आल्या. याच जिल्ह्यात माढे तालुक्यातील परितेवाडीच्या अशा एका शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. जेथे त्याचे पाणी पोचले, तेथे ऊस आला. जेथे नाही, तेथली किती तरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास तोच ऊस तोडावयास परमुलखात जातात.

पूर्वी खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरत. आता मळणी यंत्र दुपारपर्यंत रास करून देते. परंतु ज्वारी अजून पुष्कळ ठिकाणी हातांनीच उपटावी लागते. कमरेत वाकून, दोन्ही मुठींत ताट धरून, मुळासकट. तळहाताला फोड येतात. म्हणून कोणी ज्वारीऐवजी दुसरे पीक घेऊ लागले आहेत.

माघ महिन्यात संध्याकाळी माणसे पारावर जमतात. कणसे भरलेली असतात आणि बोलणे एकाच गोष्टीभोवती फिरत असते : यंदा उपटणीला माणसे किती मिळतील? एखादा म्हातारा हळूच विचारतो, “पुण्याची पोरं येणार हायती का?” कोणी तरी “बघू” म्हणतो, आणि सारे समोरच्या काळ्या शिवाराकडे पाहत राहतात.