वरकस

आमच्या घराण्याच्या जमिनीचे दोन तुकडे. एक वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायत. वाळूमिश्रित, भुसभुशीत, विहिरीच्या पाण्यावर बारमाही ओली राहणारी. केळी, पानवेल आणि फुलझाडे यांच्या आधाराने तिने आमच्या चार पिढ्या पोसल्या. दुसरा तुकडा रेल्वेच्या पूर्वेला, तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, तीन एकरांचा उतार. महसुली दप्तरात त्याच्या नावापुढे एकच शब्द आहे: वरकस. भातशेती नव्हे, बागायत नव्हे, अशी डोंगरउताराची हलकी जमीन. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत असा एखादा तुकडा होता, काहींकडे अजून असेल. आणि आमच्याप्रमाणेच बहुतेकांनी त्याच्याकडे उरलीसुरली जमीन म्हणूनच पाहिले असेल.

लहानपणी बाबांबरोबर आम्ही भावंडे तेथे वर्षातून एकदाच जात असू, दिवाळीनंतर, गवताच्या कापणीला. कमरेएवढे पिवळे गवत वाऱ्यावर लवत असे आणि परतताना आमच्या कपड्यांत कुसळे रुतलेली असत. हे कुसळ म्हणजे कुसळी गवताचे बी. त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, सुकला की पुन्हा आवळतो. असे फिरत फिरत ते बी स्वतःला दगडांच्या फटीतील मातीत रोवून घेते. या जमिनीला पेरणारा लागत नाही, हे बाबा हसत सांगत.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे 2014 पासूनच्या पालघर जिल्ह्यातील, हे गवत वखारीत दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जात असे. ते कापणारे हात आदिवासींचे. 1945 साली याच जिल्ह्याच्या उत्तर भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत गवतकापणीचा दरही होता: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. आमच्या पट्टीवर कापणीला येणाऱ्या वारली आजोबांनी ते दिवस तरुणपणी पाहिले होते. आम्ही त्यांना 'आजोबा' म्हणत असू, पण त्यांचे ऐकत मात्र नसू. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

बाबा गेल्यानंतर आम्हा तिघा भावंडांच्या मनात आले, की तीन एकर जमीन नुसत्या गवताखाली पडू देणे हा करंटेपणा आहे. आम्ही बागायतदारांची मुले. जमीन म्हणजे पीक, एवढेच आम्हांला ठाऊक. 1993 च्या उन्हाळ्यात आम्ही माणसे लावून उतारावरचे दगड वेचले आणि बांधाबाहेर टाकले. मग ट्रॅक्टर आणला. आडव्या उतारावर तो कलंडेल या भीतीने चालकाने वरून खाली, खालून वर, अशी नांगरट केली. आजोबा कडेला उभे होते. "भाऊ, हिला नांगर सोसायचा नाही. दगड हिचं पांघरूण आहे," एवढेच ते म्हणाले. आम्ही मान डोलावली आणि तूर व भुईमूग पेरला.

बी उगवले, तेही फार लवकर. उथळ माती लौकर तापते, त्यामुळे कोंब झपाट्याने वर येतात. आम्ही हरखलो. जुलैमध्ये तीन दिवस धारा लागल्या. चौथ्या दिवशी जाऊन पाहतो तो नांगराच्या प्रत्येक तासाचा ओहोळ झालेला, आणि खाली भाताच्या खाचरांत आमची तांबूस माती घोट्याएवढी साचलेली. ती खाचरे आजोबांच्या कुटुंबाची होती. त्या वर्षी त्यांचे भात आमच्या मातीखाली गाडले गेले. आम्ही पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतलेही, कारण घर चालवायचे होते. पण कापणीला ते पुन्हा आले नाहीत. आज ते हयात नाहीत, आणि ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

नंतर आम्ही ती जमीन समजून घेण्याचा प्रयत्न केला. आपल्या सह्याद्रीचा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हवापाण्याने तो कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो; त्याचा आधी मुरूम होतो आणि मुरमावर कशीबशी वीतभर माती धरते. लोहामुळे तिचा रंग तांबूस. एक इंच माती घडायला शेकडो वर्षे लागतात आणि उतारावर ती टिकेलच याची शाश्वती नसते. पावसाळ्यात पाणी तिच्यात तुंबत नाही. मुरमाच्या फटींतून झिरपत खाली उतरते. म्हणून मुळे कुजत नाहीत. पण पाणी साठवून ठेवणेही तिला जमत नाही, म्हणून पाऊस थांबला की महिन्या-दीड महिन्यात हिरवे रान पिवळे पडते. ज्या दगडांना आम्ही अडथळा मानले, तेच थेंबांचा मार स्वतःवर झेलतात, वाहत्या पाण्याचा वेग मोडतात आणि आपल्या सावलीत ओल राखतात. गवताच्या मुळांची दाट जाळी उरलेली माती आवळून धरते. म्हणजे दगड पांघरूण आणि गवत टाका. आम्ही एकाच उन्हाळ्यात दोन्ही काढून घेतली.

आमचे पूर्वज, शेजारचे आदिवासी, कोणीच या जमिनीकडून दरवर्षी धान्य मागत नव्हते. कोठे नाचणी, पुढल्या वर्षी वरी, मग खुरासणी, आणि त्यानंतर काही वर्षे विश्रांती. बाकी गवत, आणि भाताच्या राबासाठी फांद्या. उपरी वाटणाऱ्या त्या जमिनीवाचून भाताचे रोपही उभे राहत नव्हते.

पेरणाऱ्याचा दाखला देवळात वाचला जातो तेव्हा आम्ही मान खाली घालून ऐकतो. खडकाळीवर पडलेले बी लवकर उगवले, मूळ नसल्यामुळे उन्हाने करपले. ते दृश्य आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे, फक्त उन्हाऐवजी पाऊस होता. गालिल सरोवराच्या उत्तर काठावर, कफर्णहूम गावात, घरे काळ्या बेसॉल्ट दगडाची होती. आमच्या डोंगराचा दगडही त्याच जातीचा. प्रभूच्या श्रोत्यांना अशी जमीन पायाखालची होती. तो दाखला अंतःकरणाविषयी आहे, शेतीविषयी नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी त्या खडकाळीचा आम्ही आता तिरस्कार करू शकत नाही. गव्हाच्या दाण्याला ती अपुरी पडली. कुसळीच्या बियाला ती पुरून उरते.

1994 पासून आम्ही फेकलेले दगड परत आणले. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन समपातळीच्या रेषा आखल्या आणि त्यांवर दगडांच्या ताली रचल्या. गुरे बंद केली, वणवा लागू दिला नाही. पहिली दोन वर्षे नुसते तण आले, मग कुसळी. पवन्या गवत, जे गुरे आवडीने खातात आणि जे बिघडलेल्या जमिनीवरून आधी नाहीसे होते, ते पुन्हा दिसायला कितीतरी पावसाळे जावे लागले. ते पहिल्यांदा दिसले त्या दिवशी धाकट्या भावाने आम्हांला घरून बोलावून नेले आणि आम्ही तिघे तेथे उगाच बराच वेळ बसून राहिलो.

आता त्या पट्टीला बाजारभाव आला आहे. वसई-विरारच्या इमारतींना भरावासाठी मुरूम हवा असतो. शेजारचा उतार खोदून नेला गेला. तेथे आज उभी तांबडी भिंत आहे आणि तिच्यावरून पावसाचे पाणी गढूळ होऊन उतरते. आमच्याकडेही माणसे येतात. त्यांनी सांगितलेला आकडा मुलांच्या शिक्षणाला आणि घराच्या कर्जाला पुरून उरेल, हे आम्ही नाकारत नाही. घरात यावर दोन मते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

गेल्या दिवाळीनंतर आजोबांचा नातू कापणीला आला. गवत त्याने न्यावे आणि तालींची डागडुजी करावी, असे ठरले आहे. खाली त्यांची खाचरे अजून पिकतात. सही मागायला येणाऱ्यांना आम्ही प्रथम ती खाचरे दाखवतो. वरच्या मातीचा सातबारा आमच्या नावावर असला, तरी ती सुटली तर कोठे जाऊन पडते, हे आम्ही एकदा पाहिले आहे.