चाकाचें माप

बैलगाडीचें चाक करतांना सुतार प्रथम तुंबा पाही, मग आरे भरी, मग पुठे जोडी. लोखंडी धाव अगदीं शेवटीं चढे. संस्कृतांत यांनाच नाभि, अर व नेमि म्हणतात. हल्लीं मोटारीचीं नवीं चाकें घेणारी मंडळी मात्र उलट वाट धरतात. दुकानांतल्या अलॉय चाकांपैकीं कोणाचे आरे अधिक झळकतात, एवढें पाहूनच पैसे मोजले जातात. ज्या मोटारी घरचीं तरुण मुलें चालवितात, त्यांतच वडील माणसें व लेंकुरें बसतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या चि. पुतण्यानें गेल्या वर्षीं आपल्या गाडीला अशीं चार चाकें बसवून आणलीं. घरांत सर्वांनीं कौतुक केलें. परंतु ताशीं ८० किलोमीटरच्या पुढें वेग गेला कीं स्टिअरिंग थरथरूं लागे. चाकांचें बॅलन्सिंग दोनदां करून घेतलें, तरी गुण येईना. अखेर एका जाणत्या कारागिरानें चाक उतरवून दाखविलें. गाडीच्या नाभीचा व्यास ५४.१ मिलिमीटर, तर चाकाच्या मधल्या भोकाचा ७३.१! मधली पोकळी भरणारें कडें दुकानदारानें घातलेंच नव्हतें. म्हणून चाक केंसभर बाजूला बसलें होतें. योग्य मापाचीं चार कडीं बसवितांच थरथर थांबली. त्या दिवसापासून आम्ही दोघेही या मापांच्या अभ्यासास लागलों. त्यांतलें सार येथें देतों.

पहिलें माप बोल्टांच्या वर्तुळाचें. बऱ्याच लहान गाड्यांना चार बोल्ट असून त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो. हें ४×१०० असें लिहितात. अनेक मोठ्या गाड्यांना ५×११४.३ असतें. ९८ व १०० यांतला भेद डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु तसें चाक जबरीनें आवळल्यास बोल्टांवर नको तो ताण राहतो. नटाची बैठकही चाकाच्या भोकाशीं जुळणारी हवी.

दुसरें माप ऑफसेटचें. चाकाची गाडीला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, तें यावरून कळतें. मूळ ऑफसेट ४५ असतां ३५ चें चाक घेतलें, तर तें १० मिलिमीटर बाहेर येतें. त्यांतच रिमची रुंदी एक इंच वाढली, तर प्रत्येक बाजूस १२.७ ची भर. म्हणजे बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आणि आंतली २.७ आंत. रिकाम्या गाडींत हें खपून जाईल. परंतु माणसें व सामान भरून ती खड्ड्यांत दबली, कीं टायर मडगार्डला घासूं शकतो.

तिसरें माप टायरसकट एकूण व्यासाचें. १८५/६५ आर १५ यांत पहिला आंकडा मिलिमीटरांत रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या शेंकडा किती उंची, व शेवटला इंचांत रिमचा व्यास. एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. रिम १६ इंची घेऊन १९५/५५ टायर घातला, तर ६२०.९, फरक नगण्य. परंतु १९५/६५ घातला तर ६५९.९! मग पूर्वीं अचूक असलेला स्पीडोमीटर ८० दाखवील, तेव्हां गाडी ८५ नें धांवत असेल. हें गणित घरच्या मुलांकडून करवून घ्यावें.

चौथी गोष्ट भाराची. प्रत्येक चाकाची भारक्षमता अधिक भार वाहणाऱ्या आंसाच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नसावी.

दुकानांत जातांना गाडीची पुस्तिका बरोबर न्यावी. पैसे देण्यापूर्वीं चाक लावून, तें ब्रेकला न घासतां फिरतें ना, स्टिअरिंग दोन्ही टोकांस मोकळें वळतें ना, हें पाहावें. नट समोरासमोरचे आळीपाळीनें व पुस्तिकेंत दिलेल्या जोरानेंच आवळावे. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हां तपासावे. इतकें झाल्यावर मापांत बसणाऱ्या चाकांतून आवडेल तें चाक तरुणांनीं खुशाल निवडावें. वडीलधाऱ्यांनीं त्याच्या आड येऊं नये.