लाइट गेली, दार उघडलं!

उद्या ऑफिसात शिरलात की काचेच्या दारापाशी जरा मान वर करून बघा. चौकटीला आतल्या बाजूने एक चंदेरी, जाडजूड पट्टी दिसेल. तुम्ही कार्ड दाखवता, ‘टुक’ असा आवाज येतो, दार सुटतं आणि तुम्ही थेट कॉफी मशीनकडे! ती पट्टी म्हणजे ईएम लॉक. इलेक्ट्रोमॅग्नेटिक. नांदेड आणि लातूरमध्ये असली लॉक लावणं हा माझा धंदा.

नांदेडला इंजिनिअरिंग केलं. पास झाल्यावर अर्धी बॅच हिंजवडीला गेली, मी ड्रिल मशीन घेतलं. लग्नाच्या बायोडेटात बाबांनी ‘सिक्युरिटी सिस्टिम्स’ असं लिहिलं होतं. आत्या मात्र अजूनही सगळ्यांना सांगते, ‘पोरगा कुलपं बसवतो.’ आत्याचंच बरोबर आहे.

पण हे कुलूप जरा वेगळं. याला खटका नाही, कडी नाही, किल्ली नाही. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडाची प्लेट. करंट चालू, चिकटलं. करंट बंद, सुटलं. नेहमीचं लॉक सहाशे पौंडांचं, म्हणजे साधारण २७० किलोंची पकड. दोघांनी मिळून ओढलं तरी दार हलत नाही. आणि लाइट गेली की करंगळीने उघडतं.

हे सांगितलं की आमच्याकडे लोक हसतात. साहजिक आहे. २००५-०६च्या सुमारास ज्या मराठवाड्याने तासन्‌तास लोडशेडिंग काढलं, तिथे लाइट गेल्यावर उघडणारं कुलूप विकायचं म्हणजे जोकच!

पण ते तसंच बनवलं गेलंय, मुद्दाम. १९६९ साली सॅफिरस्टीन नावाच्या माणसाने हे डिझाइन केलं आणि सुरुवातीला ते कॅनडात माँट्रियल फोरमच्या दारांना लागलं. आइस हॉकीच्या मॅचेसचं मोठं स्टेडियम ते. आग लागली तर दारांचं काय, अशी तिथल्या अधिकाऱ्यांना काळजी होती. म्हणून मग एरवी घट्ट धरणारं आणि वेळ आली की क्षणात सोडणारं कुलूप आलं.

आता बसवण्याबद्दल. युट्यूबवर दहा मिनिटांचं काम दिसतं. माझे दोन-तीन तास जातात, आणि त्यातला निम्मा वेळ एका रबरी वॉशरवर.

दारावरची प्लेट एका आरपार बोल्टवर बसते आणि तिच्यामागे रबरी वॉशर असतो. प्लेट किंचित डुगडुगली पाहिजे. दार थोडं वाकडं असतं, चौकट थोडी तिरकी असते. प्लेट सैल असेल तर चुंबक तिला स्वतःकडे ओढून सपाट बसवून घेतो. घट्ट आवळली की एका कोपऱ्यात कागदाएवढी फट राहते, आणि तेवढ्या फटीने पकड कुठच्या कुठे जाते. आमचे सुतार मामा चाळीस वर्षं दारं बसवताहेत. त्यांना डुगडुगणारी वस्तू बघवतच नाही. मी वळलो की पाना घेऊन आवळणार! ‘सर, हे ढिलं राहिलंय बगा,’ असं वर मलाच सांगणार. आता बोल्ट लागला की मी आधी पाना खिशात घालतो.

बाकीचं पटकन सांगतो. दार बाहेर उघडत असेल तर लॉक वरच्या चौकटीला सरळ बसतं, आत उघडत असेल तर झेड-एल ब्रॅकेट लागतं. ॲल्युमिनियमची चौकट आतून पोकळ असते. तिच्यात नुसते स्क्रू मारले तर काही महिन्यांत लॉक कुणाच्या तरी डोक्यावर. आतून पट्टी द्यायची. चुंबकाचा चेहरा आणि प्लेट यांना रंग लावायचा नाही, घासायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. डोअर क्लोजर असा सेट करायचा की दार आदळणार नाही, हळूच येऊन टेकेल.

वायर मात्र नीट घ्या. सप्लायपाशी बारा व्होल्ट दिसतात म्हणून खूश होऊ नका. बारीक वायर वीस मीटर फिरवली की लॉकपर्यंत पोचताना त्यातले काही गळतात. मीटर लॉकच्या टोकाला लावायचा, आणि तोही लॉक चालू ठेवून. करंट तोडल्याक्षणी कॉइल उलटा झटका मारते, त्याने कंट्रोलरचा रिले खराब होतो. लॉकच्या आत सोय नसेल तर एक डायोड टाकायचा. काही रुपयांचा असतो.

हे सगळं जमलं की दार छान बंद होतं. आणि खरी भानगड तिथून सुरू होते.

लातुरात बारावी आणि नीटच्या पोरांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. त्यातल्या एकीचं काम आलं. दुसरा मजला, साठ खुर्च्या, एक जिना, एक दार. चालवणारे सर एकदम सज्जन माणूस, पोरांवर जीव. पण त्यांच्या अटी दोन. लाइट गेली तरी दार बंदच राहील असं लॉक हवं, आणि आतल्या बाजूला बटण नको.

‘लाइट गेली की पोरं खाली चहाला पळायलेत,’ सर म्हणाले. ‘आईबाप शेत गहाण ठेवून पैसे धाडायलेत इथं.’

असं लॉक मिळतं. ड्रॉप बोल्ट म्हणतात. त्यातल्या काही प्रकारांत करंट गेला तरी खिटी अडकलेलीच राहते. बिलही जास्त झालं असतं. मी नाही म्हटलं.

सरांना दिल्लीचं सांगितलं. २७ जुलै २०२४, राजेंद्रनगर, यूपीएससीच्या क्लासचं बेसमेंट, पावसाचं पाणी, तीन विद्यार्थी गेले. तिथल्या लायब्ररीला येण्याजाण्यासाठी बायोमेट्रिकवर चालणारं एकच दार होतं, अशा बातम्या आल्या होत्या. नॅशनल बिल्डिंग कोडचंही सांगितलं: बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. सरांनी मान हलवली. ‘ते दिल्लीचं झालं हो. इथं दुसऱ्या मजल्यावर कुठलं पाणी?’

त्यांना मी जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. माझी आजी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. आजीच्या घराची एक भिंत खचली आणि चौकट तिरकी झाली. कडी आतूनच लावलेली, पण ती सरकेना. आजोबांनी खलबत्त्यातला बत्ता घेऊन ठोकून ठोकून काढली. किती वेळ लागला ते दोघंही वेगवेगळं सांगायचे. मी तेव्हा सात वर्षांचा, लातुरात. आम्ही कित्येक रात्री अंगणात झोपलो एवढंच आठवतं.

पुनर्वसनात आजीला पक्कं घर मिळालं, लोखंडी दाराचं. तिने त्याची कडी कधीच लावली नाही. रात्री दाराला आतून पाट टेकवायची. बाबा चिडायचे, चोर येतील म्हणायचे. ‘चोर आला तर भांडी नेईल रं,’ म्हणायची आणि कूस बदलायची.

तर सरांकडे मी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चहाची भीती खरी होती, तिचा इलाज आधी करायचा. बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी लावली की अर्धा अँपिअर खाणारं लॉक कागदावर चौदा तास धरतं, प्रत्यक्षात आठ-दहा धरा. म्हणजे लाइट गेली तरी दार बंद. चहा बंद. सर खूश.

मग दाराशेजारी हिरवं डबडं. काच दाबली की लॉकचा करंट थेट तुटतो. थेट म्हणजे लॉकला जाणाऱ्या वायरमध्येच ते बसवायचं. नेहमीचं एक्झिट बटण बहुतेक ठिकाणी कंट्रोलरला सांगतं आणि कंट्रोलर लॉकला. कंट्रोलर हँग झाला तर बटण दाबत बसा! डबड्याला आवाज करणारं झाकण लावायचं, म्हणजे उगाच कुणी दाबलं तर खाली सरांना कळेल. फायर अलार्म असेल तर त्याचा रिलेही याच वायरमध्ये. त्यांच्याकडे अलार्म नव्हता, तो वेगळा विषय.

‘पोरं रोज दाबतील,’ सर म्हणाले.

‘दोन दिवस दाबतील,’ मी म्हटलं.

त्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं. मी निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा. नांदेड यायच्या आत काम हातचं गेलं असं धरून चाललो होतो. आठवड्याने फोन आला.

‘ते हिरवं डबडं कितीला पडतंय?’

रविवारी जाऊन बसवलं. मामांना पाना दिलाच नाही. शेवटी नेहमीसारखं साठ पोरांना आत बसवून दार लावलं आणि न सांगता काच दाबली. दार सुटलं, एकाने मान वर केली, बाकीची वाचतच राहिली. सरांनी स्वतः तीनदा दाबून बघितलं. अर्धं बिल मिळालंय, अर्धं नीटच्या निकालानंतर देतो म्हणालेत.