बदली खेळाडू

आमच्या गावात फुटबॉल नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या खेड्यात कबड्डी आहे, शाळेमागे व्हॉलीबॉलची एक फाटकी जाळी आहे, आणि शेते मोकळी झाली की टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट चालते. फुटबॉलला पहिल्यांदा पाय लावला तो अकरावीसाठी वर्ध्याला खोली करून राहिलो तेव्हा. त्यामुळे ह्या खेळाविषयी अधिकारवाणीने काही लिहावे, अशी माझी योग्यता नाही. तरीही हा लेख त्याच खेळावर आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१० डिसेंबर २०२२ च्या रात्री आम्ही चौघे एका मोबाईलवर डोकी एकत्र करून बसलो होतो. विश्वचषकाचा उपउपांत्य सामना होता : मोरोक्को विरुद्ध पोर्तुगाल. मध्यंतराला थोडी मिनिटे उरली असताना डावीकडून चेंडू उंच आला आणि मोरोक्कोचा युसुफ एन-नेसिरी असा काही उसळला, की पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाच्या हातांच्याही वर त्याचे डोके गेले. गोल! तो एकच गोल झाला आणि आफ्रिका खंडातला एक देश पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. पडद्याची काच तडकलेली असल्यामुळे चेंडू जाळ्यात गेलेला मला नीट दिसलासुद्धा नाही. शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून कळले.

हा एन-नेसिरी फेझ शहरात जन्मला. स्वतःच्या देशातल्या फुटबॉल-प्रबोधिनीत शिकून तो कोवळ्या वयात स्पेनमध्ये गेला. मालागा, लेगानेस, सेव्हिया असे एकेक क्लब करीत तो वर चढला आणि २०२४ साली तुर्कस्तानच्या फेनरबाचे संघात दाखल झाला. हे सारे वाचताना मनात सारखे येई, की आपल्याकडचा कोणी असा बाहेर जाऊन खेळला आहे काय? सिक्कीमचा बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला होता, हे सापडले. पण मला आणखी जवळचा माणूस हवा होता. आणि तो सापडला, आपल्या शेजारच्या गोव्यात.

त्याचे नाव रोमिओ फर्नांडिस. जन्म १९९२ चा, गाव सासष्टीतले असोळणा. आघाडीच्या फळीत कडेने धावणारा हा खेळाडू मूळचा धेंपो क्लबचा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवा ह्या संघाला प्रशिक्षक लाभला तो साक्षात झिको, ब्राझीलकडून तीन विश्वचषक खेळलेला! त्याच्या हाताखाली रोमिओ चमकला, आणि २०१५ च्या आरंभी धेंपोने त्याला ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराच्या अॅथलेटिको पारानाएन्से क्लबकडे उसना दिला. उसना देणे हा फुटबॉलमधला रीतसर शब्द आहे. आमच्याकडे बैलजोडी देतात तसाच. हा क्लब काही गल्लीतला नव्हे. २००१ सालचा तो ब्राझीलचा विजेता, आणि २०१४ च्या विश्वचषकाचे चार सामने त्याच्याच मैदानावर झालेले.

तिथे काय झाले? पाराना राज्याच्या स्पर्धेत नासिओनाल नावाच्या संघाविरुद्ध रोमिओ बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला भारतीय, असे वृत्तपत्रांनी लिहिले. आणि मग काही महिन्यांतच तो परत आला. त्याच्या जाण्याच्या बातम्या मला पुष्कळ सापडल्या. परत येण्याच्या फार थोड्या.

एक अर्धा सामना! एवढ्यासाठी माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला गेला! पहिल्या वाचनात मला हसू आले, हे कबूल करतो. पुढे ते हसू माझ्यावरच उलटले.

मागल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल-चमूत माझी निवड झाली. निवड म्हणजे राखीव मुलांत शेवटचा. आंतरमहाविद्यालयीन सामन्यासाठी नागपूरला गेलो ते ऐन कापूस-वेचणीच्या दिवसांत. आई दुसऱ्याच्या शेतात किलोवर वेचणीला जात होती, आमच्या स्वतःच्या दोन एकरांतली बोंडे फुटून लोंबत होती, आणि मी बुटांच्या नाड्या आवळून मैदानाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आम्ही तीन गोलांनी मागे पडलो तेव्हा सरांनी मला उठवले. सात मिनिटे खेळलो. चेंडूला पाय लागला दोनदा. त्यातला एक चेंडू सरळ बाहेर गेला.

घरी आल्यावर बाबांनी विचारले, "किती वेळ खेळला?"

"सात मिनिटं."

"मंग सात मिनिटांसाठी नागपूरले कायले गेलता बाबू? दोन दिवस कापूस येचला असता."

बाबांचे काही चुकले नव्हते. ते चौथी शिकलेले. हंगामात जिनिंगमध्ये हमाली करतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. त्यात पहिल्या सत्रात माझा इंग्रजीचा पेपर राहिला होता. इंग्रजीचे सोडा, वर्गात उभे राहून मराठीत उत्तर देताना तोंडून "मले" निघाले तेव्हासुद्धा पाठीमागून हशा आला. त्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर गेलो. मैदानावर बाक आणि वर्गातही बाक! नाव काढून घ्यावे आणि बाबांबरोबर जिनिंगला जावे, असा विचार मी मनाशी जवळजवळ पक्का केला होता. प्रवेश रद्द करण्याचा अर्जसुद्धा लिहून वहीत ठेवला होता.

त्याच दिवसांत रोमिओबद्दल पुन्हा वाचले, आणि ह्या वेळी वेगळे प्रश्न पडले. गोव्यावर आणि ब्राझीलवर एके काळी राज्य एकाच पोर्तुगालचे. ब्राझील १८२२ मध्ये सुटला, गोवा १९६१ मध्ये. तिकडे पोर्तुगीज बोलीभाषा होऊन बसली. इकडे नव्या पिढीत ती जवळपास संपली. आडनाव फर्नांडिस असलेल्या ह्या मुलाला कुरितिबात पाहणाऱ्यांना वाटले असेल, हा आपलाच. आणि प्रशिक्षक भराभर सूचना देत असताना त्याला त्यातले किती कळले असेल? बाकावर बसून तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असेल काय, इतर हसले की मागाहून हसत असेल काय? ही माझी कल्पना आहे. पण कल्पना करायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

परत आल्यावर काय, हे शोधणे मला अधिक महत्त्वाचे वाटू लागले. त्याच वर्षी तो पुन्हा एफसी गोवा संघात होता. हा संघ अंतिम फेरीत गेला. २० डिसेंबर २०१५, मडगावचे फातोर्डा मैदान, समोर चेन्नईयिन. नव्वद मिनिटे भरत आली तेव्हा गोवा २-१ असा पुढे होता. नंतरच्या चार-पाच मिनिटांत दोन गोल झाले आणि गोवा ३-२ असा हरला. मी तो सामना मागाहून मोबाईलवर पाहिला. निकाल ठाऊक असूनही शेवटी हात घामेजले. फुटबॉलमध्ये सात मिनिटे किती मोठी असतात, हे बाबांना दाखवायला हा सामना चांगला होता. पण तेवढा वेळ मोबाईल धरून बसायला त्यांना फुरसत कुठली!

रोमिओ पुढे दिल्ली डायनामोजकडूनही खेळला. ब्राझीलच्या त्या अर्ध्या सामन्याला तो स्वतः काय समजतो, कोण जाणे. मला एवढे दिसते, की तो सामना त्याच्या हिशेबात जमा आहे. कोणाला खोडता येत नाही. एन-नेसिरीसारखी उडी सगळ्यांना साधत नाही, आणि खरे सांगायचे तर उड्या मारणाऱ्यांच्या कथा वाचून मला कधी धीर आला नाही. ह्या बाकावरच्या माणसाने आला.

अर्ज वहीतच राहिला. इंग्रजी दुसऱ्या खेपेला सुटले, जेमतेम. उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा पानठेल्यावर बाबांचा आवाज कानी पडला : "आमचा पोरगा नागपूरले खेळून आला." मिनिटांचा उल्लेख त्यांनी टाळला होता. मी बाहेरूनच मागे फिरलो.

यंदाची निवडचाचणी दिवाळीनंतर आहे. सरावाचे मैदान काळ्या मातीचे. पाऊस झाला की बुटांचे वजन दुप्पट होते, तरी सकाळी सहाला जातो. परवा बाबांचा फोन आला. निंदणाचा खर्च, युरियाची गोणी, आईचे गुडघे असे सगळे सांगून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "यंदा किती मिनिटं?"

म्हटले, "बाबा, अजून निवडच व्हायची आहे."

"थे झाली का सांगजो," म्हणाले, आणि फोन ठेवला.