आज्ञा देण्यापूर्वीं

मागील दिवाळीच्या सुटींत माझ्या हातून एक मोठी चूक घडली. ती सांगण्यास संकोच वाटतो. तथापि माझ्या शाळाबंधूंस तिचा उपयोग व्हावा, या हेतूनें येथें लिहीत आहें.

ब्रायन फॉक्स यांनीं १९८९ सालीं तयार केलेला बॅश हा आज्ञावाचक आमच्या घरच्या संगणकावर आहे. त्याच्यासाठीं मीं एक स्क्रिप्ट लिहून ती ‘प्रयोग’ नांवाच्या फोल्डरांत ठेवली होती. तींत ‘साफ’ नांवाचें एक फंक्शन होतें. फंक्शन म्हणजे एका नांवाखालीं बांधलेली आज्ञांची मोळी. निरुपयोगी झालेल्या मजकुराच्या सर्व फायली पुसून टाकणें, एवढेंच त्याचें काम.

त्या सायंकाळीं मी ‘आजी’ नांवाच्या फोल्डरांत होतों. आजीनें सांगितलेल्या तिच्या बालपणाच्या गोष्टी पंधरा दिवस खपून मीं तेथें लिहून ठेवल्या होत्या. तेथूनच ‘प्रयोग’ फोल्डर झाडून घ्यावा, असें मनांत आलें. प्रथम स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता देऊन ती चालविली. कांहींच घडलें नाहीं. कारण अशी स्क्रिप्ट निराळ्या बॅशमध्यें चालते आणि तो संपतांच त्यानें शिकलेलें फंक्शनही नाहींसें होतें. मग ‘सोर्स’ या आज्ञेनें तीच स्क्रिप्ट चालू बॅशला वाचावयास लावली आणि ‘साफ’ असें लिहिलें.

क्षणार्धांत काम झालें. पण भलत्याच ठिकाणीं! फंक्शन जेथें लिहिलेलें असतें तेथें तें काम करील, अशी माझी समजूत होती. वस्तुतः बोलावणारा जेथें उभा असतो, तेथेंच तें काम करतें. आजीच्या सर्व गोष्टी पुसल्या गेल्या. टर्मिनलमधून पुसलेली फाईल कचरापेटींतही जात नाहीं.

मी रडवेला होऊन आजीकडे गेलों. ती म्हणाली, “अरे, कागद गेले, मी कुठें गेलें आहें? बस, पुन्हां सांगतें.” तिनें सांगितल्याही, परंतु दोन गोष्टी तिला कांहीं केल्या आठवेनात. त्या कायमच्याच गेल्या.

पुढें दादानें योग्य रीत दाखविली. गोल कंसांत प्रथम ‘सीडी’ व इष्ट फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहावा, नंतर जोडीनें दोन ‘अँड’ चिन्हें आणि शेवटीं फंक्शनचें नांव. त्या चिन्हांमुळें फोल्डर सांपडला तरच पुढची आज्ञा चालते. आणि कंसामुळें काम संपतांच आपण मूळच्या जागींच असतों.

‘पीडब्ल्यूडी’ हीं अक्षरें वाचून वडील मंडळींस बांधकाम खातें आठवेल. टर्मिनलमध्यें मात्र तीं लिहिलीं कीं आपण कोणत्या फोल्डरांत उभे आहोंत हें कळतें. आतां कांहीं पुसण्यापूर्वीं मी तीं अक्षरें लिहितों, उत्तर वाचतों आणि मगच आज्ञा देतों. बाल वाचकांनीं हें दोन गोष्टी गमावल्यावांचूनच शिकावें, एवढीच माझी विनंती.