बॉब रॉबर्टसनचे वडील

राळेगावात भाड्याचा व्हीसीआर आला की अब्बांची फर्माईश ठरलेली : ‘शोले’. गब्बर ठाकूरचं कुटुंब संपवतो, त्या प्रसंगावर सर्जियो लिओनेच्या १९६८ सालच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची छाप आहे, हे मला फार उशिरा कळलं. मग मी या इटालियन काउबॉयपटांच्या मागेच लागलो.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रोममध्ये तलवारबाज पौराणिक सिनेमांची लाट ओसरत होती. काउबॉयपट युरोपातही बनतात आणि चालतात, हे जर्मनीच्या ‘विनेटू’पटांनी दाखवलं होतं. १९६४मध्ये लिओनेने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला. गोष्ट कुरोसावाच्या जपानी ‘योजिम्बो’ची, माळरान स्पेनचं, नायक अमेरिकन टीव्हीवरचा क्लिंट ईस्टवुड. पण इटालियन माणसाचा काउबॉयपट बघणार कोण? म्हणून नावं बदलली. संगीतकार मोरिकोने झाला डॅन साव्हियो, लिओने झाला बॉब रॉबर्टसन. सिनेमा तुफान चालला. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला, तो लिओनेच्या खऱ्या नावाने. मग १९६६मध्ये कॉर्बुचीचा ‘जँगो’ आला, आणि पुढे असे शेकडो सिनेमे निघाले. समीक्षकांनी हिणवून ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हटलं. तेच नाव रूढ झालं.

नाव बदलण्याची गोष्ट वाचली आणि मला माझं बीएडचं वर्ष आठवलं. यवतमाळात खोली शोधत होतो. दोन ठिकाणी पूर्ण नाव सांगताच खोली ‘कालच गेली’ होती. तिसऱ्या ठिकाणी घरचं लाडाचं नाव सांगितलं : राजू पटेल. पटेल दोन्हींकडे असतात. खोटं बोललो नाही, फक्त मधलं अब्बांचं नाव गाळलं. खोली मिळाली.

महिन्याभराने अब्बा तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन दारात उभे. डोक्यावर टोपी. घरमालकांनी विचारलं, “हे कोण?” मी म्हणालो, “गावाकडचे आहेत.” अब्बांनी ऐकलं. पाणीही न पिता संध्याकाळच्या एसटीने परत गेले.

रॉबर्टसन म्हणजे रॉबर्टचा मुलगा. लिओनेचे वडीलही दिग्दर्शक होते आणि रोबेर्तो रोबेर्ती या नावाने सिनेमे काढत. म्हणजे खोटं नाव घेतानाही त्याने बाप सोबत ठेवला होता.

परवा धीर करून अब्बांना सगळं सांगितलं. लिओनेचंही आणि माझंही. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, “दाल तो खाई थी ना?”